कोण कोणाला भेटलं ते पुरे, आधी बेरीज छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विधानसभेचा निकाल लागला आणि एकट्या कुणालाच बहुमत नाही असं झालं की पुढचे आठ-पंधरा दिवस आपल्या मराठी पेपरांत आणि चॅनेलवर जे काही चालतं त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. कोण कुणाच्या बंगल्यावर गेलं, गाडी किती वाजता आत गेली आणि किती वाजता बाहेर आली, कोण नाराज, कोण नॉट रिचेबल, "सूत्रांच्या माहितीनुसार" अमुक फॉर्म्युला ठरला आणि संध्याकाळी तोच फॉर्म्युला फिसकटला. एवढं सगळं वाचून झाल्यावरही साध्या वाचकाला हे कळत नाही की मुळात किती सरकारं शक्य आहेत आणि त्यातलं कुठलं होण्याची शक्यता जास्त. मी आयुष्यभर ज्युनियर कॉलेजला गणित शिकवलं, राजकारणाचा जाणकार वगैरे नाही, पण मला मनापासून वाटतं की या कामातला निम्मा भाग तरी नुसत्या बेरजेचा आहे आणि तो आपल्या पेपरांत छापूनच येत नाही.

२०१९ चंच घ्या. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, राहिलेले छोटे पक्ष आणि अपक्ष मिळून २९. एकूण २८८, बहुमताला १४५ लागतात. आता पेपराच्या कडेच्या मोकळ्या जागेत पेनाने बेरजा करा. भाजप अधिक सेना १६१. भाजप अधिक राष्ट्रवादी १५९. भाजप अधिक काँग्रेस १४९. आणि भाजप सोडून उरलेले तिघं एकत्र आले तर १५४. झालं, एवढ्याच चार वाटा. भाजपने एकूण एक २९ छोटे गोळा केले असते तरी १३४, म्हणजे ११ कमीच. सेना-राष्ट्रवादीने ते सगळे घेतले तरी १३९. म्हणजे अपक्षांना हॉटेलात ठेवल्याच्या, कुणाच्या संपर्कात किती अपक्ष आहेत याच्या ज्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या त्यांचा सरकार कुणाचं या प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता, ते फक्त आकडा फुगवायला उपयोगी होते, आणि हे निकालाच्या रात्रीच दिसत होतं.

या चार बेरजांत अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. सेनेच्या ५६, राष्ट्रवादीच्या ५४ आणि काँग्रेसच्या ४४ या तिन्ही आकड्यांची ताकद अगदी सारखी होती. तिघांपैकी कुणीही एक भाजपसोबत गेला की बहुमत, आणि भाजपला बाहेर ठेवायचं तर तिघंही पाहिजेत, एकही कमी चालत नाही. काँग्रेसला सेनेपेक्षा १२ जागा कमी होत्या पण सौदा करताना ती तेवढीच जड होती. आपण मात्र महिनाभर "चौथ्या नंबरचा पक्ष" म्हणून तिच्याकडे बघत राहिलो आणि दिल्लीतून होकार यायला वेळ लागला की वैतागत राहिलो. तो होकार आला नसता तर सरकारच झालं नसतं, ५६ वाले आणि ५४ वाले बसून राहिले असते.

विल्यम रायकर म्हणून एक अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९६२ मध्ये असं मांडलं की सत्तेसाठी एकत्र येणारे लोक बहुमताला लागतील तेवढेच भागीदार घेतात, उगाच जास्त घेत नाहीत, कारण भागीदार वाढला की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. ही गोष्ट २०१९ ला लावून बघा. सगळ्यात लहान बेरीज १४९, पण भाजप-काँग्रेस हे होणारच नव्हतं, ते सोडा. त्याच्या वरची १५४. त्याच्या वरची १५९. सगळ्यात मोठी १६१. निवडणुकीआधी जी युती होती ती म्हणजे १६१, ती मोडली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात फडणवीस आणि अजितदादांचा शपथविधी झाला, तो १५९ वाला प्रयत्न, तो जेमतेम ८० तास चालला. आणि शेवटी २८ तारखेला शिवाजी पार्कवर शपथ झाली ती १५४ ची, ३० तारखेला विश्वासमत १६९ ने जिंकलं. म्हणजे शक्य असलेल्या तीन बेरजांतली सगळ्यात लहान तीच टिकली, निदान अडीच वर्षं तरी.

पण एवढ्यावर टाळ्या वाजवून उपयोग नाही, कारण २०१४ ला हेच गणित लावलं तर सपशेल चुकतं. तेव्हा भाजप १२२, सेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१, बाकी २०. परत तोच साचा! भाजप अधिक कुणीही एक, नाहीतर तिघं मिळून. आणि तिघांची बेरीज किती, तर १४६, बहुमतापेक्षा फक्त एकाने जास्त. रायकरसाहेबांच्या हिशोबाने सेना-काँग्रेस-राष्ट्रवादी सरकार २०१४ लाच व्हायला हवं होतं. झालं नाही. तेव्हा तो विषय जाहीर चर्चेत फारसा आलासुद्धा नाही. साचा तोच, पक्ष तेच चार, मुख्य माणसंही बरीचशी तीच, पाच वर्षांच्या फरकाने एकदम उलटा निकाल. माझ्या मते महाराष्ट्रातल्या आघाड्यांबद्दल सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट या दोन निकालांच्या मधे आहे आणि आपल्या पेपरांनी ती कधी नीट उलगडून दाखवली नाही, म्हणूनच हे पत्र एवढं लांबलंय.

फरक काय होता? १९ ऑक्टोबर २०१४ ला निकाल पुरते लागलेही नव्हते तेवढ्यात राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेलांनी भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर करून टाकला. त्या एका वाक्याने सेनेच्या ६३ जागांची किंमत उतरली. भाजपला आता सेनेची गरजच राहिली नाही आणि सेनेकडे भाजपशिवाय दुसरा रस्ता नाही, कारण तिघांतला एक आधीच तिकडे जाऊन उभा. मग काय झालं ते आठवा. ३१ ऑक्टोबरला वानखेडेवर शपथविधी, १२ नोव्हेंबरला आवाजी मतदानाने विश्वासदर्शक ठराव मंजूर, सेना विरोधी बाकावर, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते, आणि महिना व्हायच्या आत ५ डिसेंबरला तीच सेना मंत्रिमंडळात आली, उपमुख्यमंत्रीपदही नाही आणि गृहखातंही नाही. सेनेला पटलं म्हणून आली असं नाही, दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

२०१९ ला शरद पवार निकालापासून म्हणत होते की लोकांनी आम्हाला विरोधात बसायला सांगितलंय. सगळ्या पेपरांनी ते हेडलाइनला घेतलं आणि आता युतीचंच सरकार येणार असं धरून चाललो आपण. पण त्यांनी काय म्हटलं यापेक्षा काय केलं नाही ते बघायला हवं होतं. २०१४ सारखा भाजपला पाठिंबा त्यांनी या वेळी दिला नाही. तेवढ्याने सेनेचा दुसरा रस्ता उघडा राहिला, आणि रस्ता उघडा आहे हे कळल्यावर सेनेने मुख्यमंत्रीपद मागताना आवाज वाढवला. माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या पक्षाला गरज पडणाऱ्यांपैकी कुणाकडे दुसरा पर्याय शिल्लक आहे, आणि तो पर्याय कोण बंद करतंय किंवा उघडा ठेवतंय, याच्यावर नजर ठेवली तर निम्म्याच्या वर अंदाज बरोबर येतात. कोण कुणावर रुसलं याच्यावर नजर ठेवून येत नाहीत.

२०१९ ला आपला निकाल लागला त्याच दिवशी हरियाणाचाही निकाल होता, ते आपण इकडे विसरतो. ९० पैकी भाजप ४०, काँग्रेस ३१, दुष्यंत चौटालांची जेजेपी (जननायक जनता पार्टी) १०, अपक्ष ७. तीनच दिवसांत, २७ ऑक्टोबरला, खट्टर मुख्यमंत्री आणि दुष्यंत चौटाला उपमुख्यमंत्री. का एवढं पटकन? कारण भाजप ४० अधिक अपक्ष ७ म्हणजे ४७, बहुमत ४६ ला, म्हणजे जेजेपीने फार ताणलं असतं तर भाजपचं तिच्यावाचून भागत होतं. शिवाय १० जागांवाला मुख्यमंत्रीपद मागत नव्हता. महाराष्ट्रात सगळं अडलं ते तिथेच. खाती वाटता येतात, महामंडळं वाटता येतात, मुख्यमंत्रीपद एकच असतं, त्याचे तुकडे होत नाहीत, फार तर अडीच-अडीच वर्षं करता येतं आणि त्यासाठी दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा लागतो. १८ फेब्रुवारी २०१९ ला युती जाहीर करताना पदं आणि जबाबदाऱ्या समसमान असं सांगितलं गेलं, त्यात मुख्यमंत्रीपद धरायचं की नाही यावरून सगळं मोडलं. उलट २००४ ला राष्ट्रवादी ७१ आणि काँग्रेस ६९ अशी होती, तरी मुख्यमंत्री काँग्रेसचे विलासराव झाले आणि राष्ट्रवादीने उपमुख्यमंत्रीपद, गृह आणि जादा मंत्रीपदं घेतली. तिथे एकाने ते एक पद सोडायचं ठरवलं म्हणून जमलं.

बाकी वाटपात मात्र गणित आश्चर्य वाटावं इतकं बरोबर येतं. गॅमसन नावाच्या अभ्यासकाने १९६१ लाच सांगून ठेवलंय की आघाडीत जो जेवढं संख्याबळ आणतो त्याच प्रमाणात त्याला वाटा मिळतो. आपल्याकडे घटनेच्या ९१ व्या दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर अडवलीय, म्हणजे २८८ ला ४३. आता १५४ मधल्या ५६, ५४ आणि ४४ च्या प्रमाणात ४३ वाटले तर साधारण १५-१६, १५ आणि १२ येतात. प्रत्यक्षात सेनेला १५, राष्ट्रवादीला १६, काँग्रेसला १२ आणि वर विधानसभा अध्यक्षपद. हे निकालाच्या दिवशी पेपराच्या कोपऱ्यात छापता आलं असतं. त्याऐवजी आपण "अमुक फॉर्म्युल्यावर एकमत" असल्या बातम्या वाचत बसलो.

विचारधारेचं काय, असं कुणी विचारेल. मी ती कमी लेखत नाही. भाजप-काँग्रेस १४९ आपण आधीच खोडला तो त्याच कारणाने. पण चॅनेलवरचे पाहुणे जेव्हा "सेना आणि काँग्रेस कदापि शक्य नाही" म्हणत होते तेव्हा त्यांना कुणी विचारायला हवं होतं की १९७५ ला बाळासाहेबांनी आणीबाणीला पाठिंबा दिला होता त्याचं काय, २००७ ला प्रतिभाताई पाटलांना आणि २०१२ ला प्रणब मुखर्जींना राष्ट्रपतीपदासाठी सेनेने मतं दिली, एनडीएचा उमेदवार सोडून, त्याचं काय. १९७८ च्या पुलोदमध्ये, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारमध्ये, शरद पवारांच्या काँग्रेस गटासोबत जनता पक्ष होता, त्या जनता पक्षात जनसंघवाले होते, आणि सोबत शेकापही होता. १९९९ ला जून महिन्यात सोनियाजींच्या मुद्द्यावर फुटून राष्ट्रवादी निघाली आणि ऑक्टोबरमध्ये त्याच काँग्रेसबरोबर विलासराव मुख्यमंत्री, भुजबळ उपमुख्यमंत्री. अंतर मोजायचं तर पक्षांनी आधी काय केलंय त्याच्यावरून मोजा, भाषणावरून नको.

आणि बोलण्यापेक्षा ज्या गोष्टीची किंमत मोजावी लागते ती खूण धरा. २०१९ ला संजय राऊत रोज सकाळी बोलत होते, ते खरं किती आणि दबावाचं किती हे ओळखायला काही साधन नव्हतं. पण ११ नोव्हेंबरला अरविंद सावंतांनी केंद्रातल्या मंत्रीपदाचा राजीनामा दिला. हातातलं मंत्रीपद नुसतं दाखवायला कुणी सोडत नाही. त्या दिवसापासून सेनेचा परतीचा रस्ता जवळपास बंद झाला असं धरायला हवं होतं, आणि मग दोन-तीन दिवसांत तिन्ही पक्षांचे नेते किमान समान कार्यक्रमाचा मसुदा करायला बसले ती पुढची खूण. राष्ट्रपती राजवट १२ तारखेला लागली म्हणून सगळ्यांनी मध्यावधी निवडणुकीची चर्चा सुरू केली, खुणा मात्र दुसरीकडे बोट दाखवत होत्या.

२३ नोव्हेंबरची सकाळ कुणीच विसरणार नाही. आदल्या संध्याकाळी पवारांनी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याचं सांगितलं होतं, पेपर तेच छापून दारात पडले आणि टीव्ही लावला तर राजभवनातला शपथविधी. तो धक्का आधी ओळखता आला असता असं मी म्हणत नाही, नाहीच आला असता. पण त्या दिवशी दुपारपासून तरी एक आकडा छापायला हवा होता, ३६. राष्ट्रवादीचे ५४, पक्षांतरबंदीतून सुटायला त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३६ आमदार लागतात, पूर्वीची एक तृतीयांश फुटीची सवलत ९१ व्या दुरुस्तीने गेली. मग प्रश्न एवढाच उरतो की अजितदादांकडे ३६ आहेत का, आणि संध्याकाळी पवारांच्या बैठकीला जे आमदार परत येत होते ते मोजत जायचं. त्याऐवजी आपण "चाणक्य कोण" यावर दोन दिवस घालवले. माणसं मोठी असतीलही, पण वाचकाला ३६ चा हिशोब कळला असता तर फडणवीस आणि अजितदादांचे २६ तारखेचे राजीनामे त्याला अचानक वाटले नसते.

२०२४ चं तर आमच्या साताऱ्याच्या दारातच घडलं. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१. भाजपला कमी पडत होते फक्त १३, आणि दोघांपैकी कुणीही एक पुरे होता. त्यात अजितदादांच्या पक्षाने भाजपच्या मुख्यमंत्र्याला हरकत नाही असं लगेच सांगून टाकलं. म्हणजे परत २०१४! राष्ट्रवादी आधी जाऊन उभी राहिली की सेनेला ताणायला जागा राहत नाही, तेव्हाही तेच आणि आताही तेच, सेना वेगळी राष्ट्रवादी वेगळी असली तरी. निकालाच्या संध्याकाळीच हे स्पष्ट होतं. पण नोव्हेंबरच्या शेवटी शिंदेसाहेब महाबळेश्वर तालुक्यात आपल्या दरे गावी आले आणि अख्खी मीडिया कोयनेच्या बॅकवॉटरला येऊन बसली. तब्येत बरी नाही की नाराज आहेत, डॉक्टर आले, बैठक रद्द झाली. दरे गावातला माणूससुद्धा सांगू शकला असता की या सगळ्याने आकडा बदलत नाही. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर फडणवीस मुख्यमंत्री, शिंदे उपमुख्यमंत्री. खाती कुठली यावर घासाघीस चालली ती खरी, तिच्या बातम्या द्या, पण सरकार कुणाचं होणार हा प्रश्न त्या दिवसांत उरलाच नव्हता आणि तो उरलाय असं दाखवणं हे वाचकाला चुकीचं सांगणं आहे.

गोव्याचा २०१७ चा निकाल मी मुद्दाम शेवटी ठेवलाय कारण तिथे माझी बेरीज उलटी पडते. ४० पैकी काँग्रेस १७, भाजप १३, मगोप (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३, राष्ट्रवादी १. बहुमत २१. काँग्रेसला चारच हवे होते, तीन-तीनच्या कुठल्याही दोन गटांनी भागत होतं, फॉरवर्ड तर भाजपच्या विरोधात प्रचार करून निवडून आलेला. भाजपला मात्र तिन्ही गट लागत होते, एकही निसटून चालत नव्हतं. पर्याय कुणाकडे जास्त, तर काँग्रेसकडे. आणि तरी ११ मार्चला निकाल, १४ ला पर्रीकरांची शपथ, १६ ला विश्वासमत २२ विरुद्ध १६ ने जिंकलं. गडकरी निकालाच्या रात्रीच गोव्यात जाऊन बसले होते, मगोप आणि फॉरवर्डची अट होती पर्रीकर मुख्यमंत्री हवेत, तर देशाचं संरक्षणमंत्रीपद सोडून ते आले. काँग्रेसचा इकडे आपला नेता कोण यावरच घोळ चालू होता. सुप्रीम कोर्टाने त्यांना विचारलंच की तुमच्याकडे पाठिंब्याची पत्रं कुठे आहेत. म्हणजे पर्याय असून भागत नाही, तो वेळेत वापरावा लागतो आणि ज्याच्या नावावर सगळे राजी होतील असा माणूस लागतो. राज्यपालांनी आधी कुणाला बोलवावं याचा क्रम केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने सांगून ठेवलाय, निवडणूकपूर्व युती आधी, मग इतरांचा पाठिंबा असलेला सगळ्यात मोठा पक्ष, मग निकालानंतरची आघाडी. पण व्यवहारात जो २१ सह्या आधी घेऊन जातो त्याचं चालतं हे गोव्याने दाखवलं. म्हणून अंदाज करणाऱ्याने बेरीज करून झाल्यावर घड्याळाकडेही बघायला पाहिजे.

आणि पाच वर्षांत पुढे काय होईल हे निकालाच्या दिवसाची बेरीज सांगत नाही. जून २०२२ ला शिवसेनाच फुटली आणि जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, तिथे हिशोब पक्षांचा राहिला नाही, एकेका आमदाराचा झाला. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला माझ्यापेक्षा जास्त माहितीची माणसं आहेत.

तर संपादकसाहेब, तुम्हाला विनंती अशी आहे. पुढच्या वेळी त्रिशंकू निकाल लागला, मग ती विधानसभा असो की आमची जिल्हा परिषद, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर एक चौकट द्या, तीत शक्य असलेली सगळी बहुमतं लिहा, कुणाशिवाय कुणाचं भागतं ते लिहा, अपक्षांची खरोखर गरज आहे की नाही ते लिहा. त्याखाली या पक्षांनी मागच्या चार-पाच निकालांनंतर काय केलं ते तारखेसकट द्या. सूत्रांची बातमी द्यायचीच असेल तर तिने या चौकटीतली कुठली बेरीज बदलते ते बातमीतच सांगा, बदलत नसेल तर ती आतल्या पानावर टाका. आणि सरकार झाल्यावर एकदा तरी आपले आधीचे अंदाज काढून कुठला बरोबर आला आणि कुठला चुकला ते छापा, वर्तवणाऱ्याच्या नावासकट. मतदाराने एकाला मत दिलेलं असतं आणि ते कुठे जाऊन पोचलं हे त्याला महिनाभर कळत नाही, त्या महिन्यात त्याच्या हातात तुमच्या पेपराशिवाय दुसरं काही नसतं. चौकट तयार करायला अर्धा तास पुरतो, माणूस कमी असेल तर मी निकालाच्या रात्री फोनवर बसून करून द्यायला तयार आहे, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा